गरीब देशांचे औषधपाणी कोणाच्या भरवशावर?

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत सत्ताबदल झाला आणि त्याच दिवशी नव्या अध्यक्षांनी परदेशांना दिली जाणारी विकास-मदत नव्वद दिवस थांबवण्याच्या आदेशावर सही केली. आधी आढावा घेऊ, मग ठरवू, असे सांगण्यात आले. नव्वद दिवस भरायच्या आतच, १० मार्चला, परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केले की ‘यूएसएड’ या मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाले आहेत. केनेडींच्या काळात, १९६१ साली उभी राहिलेली ही संस्था १ जुलै २०२५ ला संपली; उरलेसुरले काम परराष्ट्र खात्याने ताब्यात घेतले. त्याच महिन्यात दुबईच्या गोदामात पडून राहिलेली सुमारे ५०० टन पौष्टिक बिस्किटे मुदत संपल्यामुळे नष्ट करावी लागली. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातल्या उपाशी मुलांसाठी ती घेतलेली होती. पैसे मोजून झाले होते, माल तयार होता, मुले वाट पाहत होती. वाटपाला परवानगी देणाऱ्या कागदावर सही तेवढी कुणी केली नाही.

आपल्याकडे ही बातमी दोन दिवस चालली आणि विरून गेली. पैसा अमेरिकेचा, निर्णय अमेरिकेचा, अडचण आफ्रिकेची. त्यात आपला संबंध काय, असा एकूण सूर होता. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. आफ्रिकेतल्या बाळाला टोचली जाणारी लस अनेकदा पुण्याच्या हडपसरमधून निघालेली असते. तिथल्या एड्सच्या रुग्णाची गोळी बहुतेक वेळा भारतीय कारखान्यात तयार झालेली असते. गरीब जगाच्या औषधपाण्याचा खर्च श्रीमंत देश उचलत होते आणि माल आपण पुरवत होतो. खर्च उचलणाऱ्यांनी हात आखडता घेतल्यावर माल पुरवणाऱ्यांनी काय करायचे, हा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. म्हणून पुढचे मुद्दे आपल्या शहाण्या नागरिकांपुढे ठेवतो आहे.

१. श्रीमंत देशांनी दिलेला शब्द कधी पाळलाच नव्हता, हे आधी लक्षात घ्यावे. २४ ऑक्टोबर १९७० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठरले की विकसित देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम गरीब देशांच्या विकासासाठी द्यावी. शंभर रुपयांतले सत्तर पैसे. २०२४ साली ही मर्यादा गाठणारे देश होते नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग. बाकीच्यांनी तोंडाला पाने पुसली. श्रीमंत देशांची सरासरी ०.३३ टक्क्यांवर राहिली. ब्रिटनने तर २०१५ मध्ये या ०.७ टक्क्यांचा कायदा केला होता. २०२१ मध्ये तो आकडा ०.५ वर आणला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगून टाकले की २०२७ पर्यंत ०.३ वर आणणार, कारण संरक्षणावर खर्च वाढवायचा आहे. जर्मनी आणि फ्रान्सनेही कात्री लावली. अमेरिकेच्या केंद्रीय अर्थसंकल्पात परदेशी मदतीचा वाटा जेमतेम एक टक्का होता. तेवढाही डोळ्यांत खुपला. ‘लॅन्सेट’मध्ये जुलै २०२५ ला आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की या कपातीमुळे २०३० पर्यंत १ कोटी ४० लाख जादा मृत्यू होतील आणि त्यांत ४५ लाखांहून अधिक मुले पाच वर्षांखालची असतील. अंदाज चुकू शकतो. पण तो निम्मा जरी खरा ठरला, तरी इतकी मुले दगावण्याचे उत्तर कोण देणार? ही काटकसर म्हणून खपवता येणार नाही. कागदावरच्या एका सहीने मारलेली माणसे आहेत ही.

२. घेणाऱ्याची अवस्था काय असते, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेचा गहू जहाजाने बंदराला लागायचा आणि तिथून थेट रेशनवर जायचा. व्हिएतनाम युद्धावर भारत टीका करतो म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी तो गहू महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडला. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्लेली आणि दुष्काळी कामावर सुकडी वाटली जाताना पाहिलेली माणसे आजही गावोगावी आहेत. त्या मिलोने जीव वाचवले हे खरे, आणि त्या मिलोची लाज वाटायची हेही खरे. म्हणूनच महाराष्ट्राने त्या दुष्काळातून रोजगार हमी उभी केली: मागेल त्याला काम, आणि ते हक्काने. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या कल्पनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप आले आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याचा पाया तिनेच घातला. दात्याच्या मर्जीवर पोट अवलंबून असणे म्हणजे काय, हे ज्या राज्याने भोगले, त्याने दुसऱ्याच्या तशा अवस्थेकडे पाठ फिरवावी, हे शोभत नाही.

३. मदत घेणाऱ्या देशांच्या राज्यकर्त्यांनाही या प्रकरणात मोकळे सोडता येणार नाही. २००१ साली नायजेरियाची राजधानी अबुजा येथे आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी अर्थसंकल्पाचा १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले. बहुतेकांनी ते पाळले नाही, कारण एड्सची औषधे परदेशी पैशातून येतच होती. झांबियाचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. मोफत वाटायला दिलेली औषधे चोरून खासगी दुकानांत विकली जात असल्याचे उघड झाले आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेने त्या देशाची ५ कोटी डॉलरची औषध-मदत कापली. चोरी झाली ती रुग्णाच्या तोंडची, आणि शिक्षाही झाली ती रुग्णालाच. नायजेरियाने मात्र मदत थांबताच आपल्या अर्थसंकल्पात आरोग्यासाठी २० कोटी डॉलर वाढवून दिले. म्हणजे पैसा होता. मग तो इतकी वर्षे कुठे होता, हा सवाल तिथल्या नागरिकांनी आपल्या सरकारला विचारलाच पाहिजे.

पण झांबियाच्या तिजोरीचे त्याआधी काय झाले होते, हेही पाहू. नोव्हेंबर २०२० मध्ये परकीय रोख्यांवरच्या व्याजाचा ४ कोटी २५ लाख डॉलरचा हप्ता त्याला भरता आला नाही आणि देश दिवाळखोरीत निघाला. कर्जाची फेररचना व्हावी म्हणून जी-२० ने एक चौकट आखली होती. त्या चौकटीत झांबियाचे भिजत घोंगडे इतके रेंगाळले की सरकारी सावकारांशी समझोता व्हायला जून २०२३ उजाडले आणि रोखेधारकांशी व्हायला २०२४. तोवर देशात भीषण दुष्काळ पडून राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली होती. आपल्या शेजारच्या श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये कर्जफेड थांबवली, तेव्हा तिथल्या रुग्णालयांत साध्या औषधांचा तुटवडा होता; भारताने त्या वर्षी सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली, हे आपल्याला भूषणावह आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचा हिशेब सांगतो की जगातले ३४० कोटी लोक अशा देशांत राहतात, जिथे सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर जेवढा खर्च करते त्याहून जास्त पैसा व्याजात जातो. सावकाराचे व्याज आधी आणि बाळंतिणीचे औषध नंतर, असा क्रम ज्या जगाने लावला आहे, त्याने गरीब देशांना स्वावलंबनाचे धडे देऊ नयेत.

४. आता आपल्याकडे येऊ, कारण या कहाणीतला सर्वांत उजळ भाग महाराष्ट्रातला आहे आणि तो आपल्याच लोकांना पुरेसा माहीत नाही. २००० च्या सुमारास एड्सवरच्या तीन औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेतल्या रुग्णाच्या दृष्टीने ते औषध अस्तित्वातच नव्हते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी जाहीर केले की हेच तीन औषधांचे मिश्रण आम्ही वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी. त्या एका जाहीर किमतीने साऱ्या जगाचा हिशेब बदलला. दोन वर्षांनी, २००३ मध्ये, अमेरिकेने एड्सवरची आपली मोठी मदत-योजना सुरू केली. ती लाखो-करोडो रुग्णांपर्यंत पोहोचू शकली, त्यामागे भारतीय औषधांची किंमत होती.

दुसरी गोष्ट पुण्याची. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेचा एक पट्टा आहे, जिथे कोरड्या हंगामात धुळीचे वारे सुटले की मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या जीवघेण्या सुजेची साथ यायची. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले आणि २५ हजार दगावले. वाचलेल्यांतली कितीतरी मुले बहिरी झाली. तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी स्पष्ट सांगितले होते: अर्ध्या डॉलरच्या वर किंमत गेली तर लस असून आम्हाला नसल्यासारखीच. बड्या पाश्चात्त्य कंपन्यांना या भावात रस नव्हता. मग कच्चा माल नेदरलँड्सचा, तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेचे, पैसा गेट्स फाउंडेशनचा आणि उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे, अशी जुळणी जागतिक आरोग्य संघटनेने आणि ‘पाथ’ या संस्थेने केली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झाले. ही लस शेवटच्या टप्प्यात चार दिवसांपर्यंत, अगदी ४० अंश तापमानातही बर्फाशिवाय नेता येते, हे २०१२ मध्ये मान्य झाले. ज्या गावात वीज नाही, बर्फ नाही, तिथे सायकलवरून लस नेणाऱ्या आरोग्यसेवकाला या एका गुणाचे मोल विचारा. त्या पट्ट्यातून ‘ए’ प्रकारच्या मेनिंजायटिसचे जवळजवळ उच्चाटन झाले आहे. आंतरराष्ट्रीय विकास या भारदस्त शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगायचा असेल, तर ही लस दाखवावी.

आणि आज? ऑक्सफर्डने शोधलेली आणि पुण्यात बनणारी मलेरियावरची नवी लस जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये मुलांना द्यायला सुरुवात झाली. वर्षभराच्या आत, जून २०२५ मध्ये, गरीब देशांसाठी लस विकत घेणाऱ्या ‘गावी’ या संस्थेचा निधी बंद करत असल्याचे अमेरिकेने जाहीर केले. गावीने पाच वर्षांसाठी ११.९ अब्ज डॉलर मागितले होते. हाती आली ती ९ अब्जांहून थोडी अधिक रकमेची आश्वासने. लस तयार आहे, कारखाना तयार आहे, डास तर तयारच आहेत. मधला पैसा काढून घेतला की मूल मरते.

५. मात्र पाठ थोपटून घेताना २०२१ विसरता येणार नाही. करोनाची लस गरीब देशांना मिळावी म्हणून उभारलेल्या ‘कोव्हॅक्स’ या योजनेची मुख्य मदार पुण्यातून निघणाऱ्या कोव्हिशील्डवर होती. मार्च २०२१ मध्ये भारताने निर्यात थांबवली आणि ती नोव्हेंबरपर्यंत सुरळीत झाली नाही. त्या एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे काय चालले होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ऑक्सिजनसाठी रांगा होत्या, स्मशानातही रांगा होत्या. कोणत्याही सरकारने आधी आपल्या माणसांकडे पाहिले असते. त्याबद्दल दोष देता येत नाही. दोष आहे तो वेगळा. श्रीमंत देश आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट लसी आगाऊ नोंदवून बसलेले असताना गरीब जगाचा बहुतेक भार एका देशावर, एका शहरावर टाकणे ही मुळातली चूक होती. आणि निर्यात कधी सुरू होईल, थोडी तरी जाईल का, याचे उत्तर आपण कित्येक महिने दिले नाही, ही आपली. २०२१ संपताना आफ्रिकेतल्या दहा टक्के लोकांचेही पूर्ण लसीकरण झाले नव्हते. आफ्रिकी देशांनी त्यातून बोध घेतला आणि आता ते स्वतःचे लसकारखाने उभारू पाहत आहेत. आपण त्यांच्याकडे स्पर्धक म्हणून पाहणार, की त्यांना तंत्र शिकवणार? संकटात निर्यात किती टक्क्यांखाली जाणार नाही, हे आधीच कायद्याने ठरवून ठेवणारा देशच ‘जगाची औषधशाळा’ म्हणवून घेण्यास पात्र आहे.

६. या साऱ्या स्वस्त औषधांचा कणा म्हणजे आपला पेटंट कायदा, आणि त्यावर आज सगळीकडून दाब आहे. १९७० च्या कायद्याने औषधाच्या रेणूला पेटंट नाकारले, फक्त बनवण्याच्या पद्धतीला दिले. म्हणून तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवून सिप्लासारख्या कंपन्या मोठ्या झाल्या. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये रेणूलाही पेटंट द्यावे लागले, पण संसदेने कलम ३(ड) घालून एक दार राखले: जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून पेटंट लांबवता येणार नाही. २०१३ मध्ये रक्ताच्या कर्करोगावरील औषधाबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळला, तो याच कलमाच्या आधारे.

हे कलम सामान्य माणसाच्या कामाला कसे येते? मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी औषधांना दाद न देणाऱ्या क्षयातून वाचल्या. वाचल्या, पण जुन्या इंजेक्शनांच्या दुष्परिणामाने दोघींची श्रवणशक्ती गेली. बेडाक्विलिन हे नवे औषध आल्यामुळे आता ती इंजेक्शने टाळता येतात. त्या औषधाचे पेटंट जॉन्सन अँड जॉन्सन कंपनी लांबवू पाहत होती. या दोघींनी भारतीय पेटंट कार्यालयात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. त्यामुळे हे औषध स्वस्तात बनवण्याचा मार्ग भारतीय कंपन्यांना मोकळा झाला आणि त्याचा लाभ केपटाऊनपासून धारावीपर्यंतच्या रुग्णांना आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, हे विसरू नये.

आता याच वाटेवर काटे पेरले जात आहेत. मार्च २०२४ च्या नव्या पेटंट नियमांनी अशी हरकत घेण्यावर शुल्क बसवले आणि ती दाखल करून घ्यायची की नाही हे आधी अधिकाऱ्याने ठरवायचे, अशी चाळणी लावली. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात भारताने मान्य केले की औषधे लोकांपर्यंत पोहोचवण्याचा अधिक योग्य मार्ग म्हणजे कंपन्यांनी स्वखुशीने दिलेले परवाने. स्वखुशीने! कंपन्यांच्या स्वखुशीवर विसंबून राहिलो असतो, तर २००१ मध्ये तो ३५० डॉलरचा आकडा उच्चारला गेला असता का? एका हाताने मोटारी आणि व्हिस्कीच्या जकातीची घासाघीस करायची आणि दुसऱ्या हाताने रुग्णांचा हक्क सैल सोडायचा, हा सौदा देशाच्या नावाने करण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही.

७. औषध स्वस्त असून भागत नाही, ते विषारी नसावे लागते. मुंबईकरांना १९८६ आठवत असेल. जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासन, उत्पादक आणि राजकारणी यांचे साटेलोटे चव्हाट्यावर मांडले. अहवाल गाजला, मंत्र्याला जावे लागले. आणि मग? ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला की आफ्रिकेतल्या गांबिया या चिमुकल्या देशात मुलांना दिलेल्या, हरियाणात बनलेल्या खोकल्याच्या औषधांत तेच विष सापडले आहे. सुमारे सत्तर मुले मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबरमध्ये कळवले की आमच्या चाचणीत नमुने ठीक निघाले. पुढे १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना सरकारी प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली. देशात विकल्या जाणाऱ्या औषधांना ती सक्ती नव्हती. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून अधिक मुले तशाच औषधाने गेली. त्यांतली कितीतरी आईबापांनी धावतपळत नागपूरच्या रुग्णालयांत आणली होती.

मुंबई, गांबिया, छिंदवाडा. चाळीस वर्षांत विष तेच, आणि ते ओळखण्याची चाचणीही काही नवी नाही. औषध निरीक्षकांची पदे का भरली जात नाहीत? कच्च्या मालाचा प्रत्येक पिंप तपासल्याशिवाय वापरू नये, एवढा साधा नियम का पाळला जात नाही? परदेशातले नाव राखण्यासाठी एक मोजपट्टी आणि आपल्या मुलांसाठी दुसरी, हे ज्यांनी ठरवले त्यांनी दोन्हीकडच्या मुलांचा घात केला.

८. एक मुद्दा थोडक्यात, पण तो सुटता कामा नये. अमेरिकेच्या पैशातून १९८४ पासून नव्वदहून अधिक देशांत आरोग्य आणि लोकसंख्येची सर्वेक्षणे होत असत. किती बाळे जगली, किती मातांना रक्तक्षय, कुठे लस पोहोचली नाही, हे त्यांतून कळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा कार्यक्रमही थांबवला गेला. काही सर्वेक्षणे इतरांच्या पैशातून मार्गी लागली, पण व्यवस्था मोडली ती मोडलीच. आपले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून याच पठडीतून चालत आले आहे आणि ते करते मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. असे मनुष्यबळ फार थोड्या देशांकडे आहे. ज्यांची मोजदाद थांबली, त्यांना ते देऊ करता येईल. त्याआधी आपली स्वतःची २०२१ ची जनगणना २०२७ वर गेली, याची लाज वाटायला हवी. ज्यांना मोजलेच नाही, त्यांच्या मृत्यूचा जाब विचारता येत नाही. काहींना हेच सोयीचे असते.

९. “आपल्याकडेच मेळघाटात मुले कुपोषणाने जात असताना जगाची उठाठेव कशाला?” हा प्रश्न विचारला जाईल, आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. त्याला उत्तर असे की या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. एकाच कामाची ही दोन टोके आहेत. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर बायांना शिकवून आरोग्यसेविका बनवले. जागतिक आरोग्य संघटनेने त्या प्रयोगाची दखल १९७५ मध्येच घेतली आणि प्राथमिक आरोग्यसेवेच्या १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यामागे ज्या अनुभवांचे बळ होते, त्यांत जामखेड होते. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच बायांना आरोग्यदूत केले. नवजात बाळाचे वजन कसे करायचे, त्याचा श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, हे त्यांना शिकवले. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला आणि ती पद्धत पुढे आपल्या आशाताईंपर्यंत आणि देशाबाहेरही गेली. यासाठी अब्जावधी डॉलर लागले नाहीत. जी पद्धत गडचिरोलीत बाळ वाचवते, ती मलावीतही वाचवू शकते, आणि तिथून शिकून येणारे आपल्या मेळघाटात उपयोगी पडेल असे काही घेऊन येतील.

१९६४ पासून भारत ‘आयटेक’ योजनेतून परदेशी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतो. भूतानला दरवर्षी मोठे अर्थसाहाय्य देतो, आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या एक्झिम बँकेमार्फत आफ्रिकी देशांना सवलतीची कर्जे देतो. २०२३ च्या दिल्ली परिषदेत आफ्रिकी संघाला जी-२० चे सदस्यत्व मिळवून देण्यात भारताचा पुढाकार होता. पण या कर्जांतून कुठे काय उभे राहिले, किती दवाखाने चालतात आणि किती इमारती नुसत्या पडून आहेत, याचा सोपा हिशेब सामान्य नागरिकाच्या हाती येत नाही. एका माणसाची मर्जी फिरली आणि अमेरिकेची मदत एका सहीने बंद पडली. आपली मदत तरी कशावर उभी आहे? तिला संसदेचा कायदा हवा, वार्षिक हिशेब हवा, आणि तिच्यातला ठरावीक वाटा औषधे, लसी आणि आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणासाठी राखलेला हवा.

तेव्हा वाचकहो, मागण्या अगदी साध्या आहेत. साथीच्या काळातही औषधांच्या व लसींच्या निर्यातीचा किमान वाटा कायद्याने राखा. कलम ३(ड) आणि पेटंटवर हरकत घेण्याचा नागरिकांचा हक्क कोणत्याही व्यापार करारात गहाण टाकू नका. निर्यातीच्या आणि घरच्या औषधाला एकच तपासणी लावा आणि औषध निरीक्षकांची रिकामी पदे भरा. परदेशी मदतीचा हिशेब दरवर्षी संसदेपुढे मांडा. आपल्या खासदाराला या चार मागण्यांचे पत्र आपण आपल्या नावानिशी लिहावे, आणि उत्तर आले नाही तर दुसरे लिहावे.